तिसरा वाटेकरी उठला की: दोघांतल्या, बिनकमिशनच्या पोकरचं गणित

गणपतीत मेहुण्याकडे जागरणाला होतो. रात्री दीडपर्यंत बाकीचे भिडू एकेक करत आडवे झाले आणि सतरंजीवर उरलो मी, मेहुणा आणि पत्त्यांचा कॅट. पैसे लावायचे नाहीत हा सासूबाईंचा दंडक. म्हणून भाजलेले शेंगदाणे मोजून घेतले, प्रत्येकी २००. माझी आठ वर्षांची लेक काही केल्या झोपेना, तेव्हा तिला मध्ये बसवली आणि काम दिलं: डाव संपला की मधला ढीग जिंकणाऱ्याकडे सरकवायचा.

दीड तासाने मोजदाद केली. माझ्याकडे १८१.

"भाऊजी, हरलात तुम्ही," मेहुणा खूश.

त्याचे मोजले तर १७८ भरले. दोघेही हरलो होतो आणि जिंकलं कुणीच नव्हतं. लेकीचे गाल मात्र हलत होते.

पोकरमध्ये जागेचा मालक प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेतो, त्याला रेक म्हणतात. आपल्याकडच्या अड्ड्यांच्या भाषेत नाल. कसिनोत पॉटच्या, म्हणजे मधल्या ढिगाच्या, ठरावीक टक्के, बरेचदा ५ च्या आसपास, आणि त्याला वरची मर्यादा. लेकीचा हिशेबही साधारण तसाच निघाला, विसाला एक. फरक इतकाच की कसिनोचा डीलर तुमच्यासमोर चावत बसत नाही.

आता हा तिसरा वाटेकरी उठून गेला आणि दोघंच समोरासमोर उरले, तर खेळायची पद्धत बदलते का? बदलते, आणि बरीच बदलते. पण बहुतेकांना वाटतं, रेक गेला म्हणजे तेवढे पैसे वाचले, बाकी खेळ तोच. ते तसं नाही. रेक गेल्यावर कुठले पत्ते खेळायचे, कुठे कॉल करायचा (म्हणजे समोरच्याच्या बोलीएवढं टाकून डावात राहायचं), कुणासमोर बसायचं, सगळ्याचीच उत्तरं हलतात.

आधी खेळाची दोन वाक्यांत ओळख, कारण तीन पत्तीवाल्यांना हा प्रकार थोडा वेगळा वाटेल. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते बंद मिळतात, मग मध्ये पाच पत्ते उघडे पडतात: आधी एकदम तीन, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक टर्न, मग शेवटचा रिव्हर. या सातांतून सर्वांत भारी पाच पत्त्यांचा हात ज्याचा, त्याचा ढीग. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. डाव सुरू व्हायच्या आधी दोघांना सक्तीची बोली टाकावी लागते, एकाला छोटी, दुसऱ्याला मोठी. आमच्या सतरंजीवर छोटी १ दाणा आणि मोठी २. तीन पत्तीत न बघता खेळतो तो ब्लाइंड वेगळा. इथे या सक्तीच्या बोलींनाच ब्लाइंड म्हणतात.

दोघांत खेळताना एक नियम नवख्याला गोंधळवतो. ज्याच्याकडे वाटप आहे, म्हणजे बटन आहे, तोच छोटी बोली टाकतो. पहिल्या फेरीत त्याला आधी बोलावं लागतं, पण फ्लॉपनंतर प्रत्येक वेळी तो शेवटी बोलतो. समोरच्याने काय केलं ते बघून आपण ठरवायचं, याची किंमत फार मोठी आहे. किती, तेही पुढे सांगतो.

तीन पत्त्यांचा पोकर

रेकचा परिणाम नीट कळायला होल्डेम फार मोठं आहे. त्याऐवजी हॅरोल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने १९५० मध्ये मांडलेला इवलासा खेळ घ्या. कॅटमधून फक्त राजा, राणी आणि गुलाम काढा. दोघांनी एकेक दाणा मध्ये ठेवायचा, प्रत्येकाला एक पत्ता, तिसरा उपडा बाजूला. पहिला खेळाडू एक दाणा लावतो किंवा चेक करतो, म्हणजे न लावता पुढे ढकलतो. लावला तर दुसरा तेवढाच टाकून पत्ता बघतो नाहीतर डाव सोडतो. पहिल्याने चेक केलं तर दुसऱ्यालाही लावायची संधी, आणि मग पहिल्याने बघायचं की सोडायचं ते ठरवायचं. संपला खेळ. पाचवीतल्या मुलाला दोन मिनिटांत शिकवता येतो.

आता दुसऱ्याच्या जागी बसा. पहिल्याने चेक केलंय आणि तुमच्या हातात गुलाम. उघडा केला तर तुम्ही हरणारच, गुलामाखाली काही नाहीच. पण एक दाणा लावून हूल दिली तर? समोर राजा असेल तर तो बघणार, तुमचा आणखी एक दाणा गेला. समोर राणी असेल तर ती विचारात पडेल. गणित सांगतं की इथे तीन वेळांतून एकदा हूल द्यावी. जास्त दिली तर राणीवाला शहाणा होऊन नेहमी बघू लागतो. अजिबात दिली नाही तर तुम्ही दाणा लावला की राणीवाला डोळे झाकून सोडतो आणि तुमच्या राजाला कधी काही मिळतच नाही. तसंच तुमच्याकडे राणी असेल आणि पहिल्याने दाणा लावला, तर तीनातून एकदा बघायचं, दोनदा सोडायचं. कुठल्या वेळी बघायचं हे समोरच्याला कळता कामा नये. म्हणून मी घड्याळाचा सेकंदकाटा बघतो: पहिल्या वीस सेकंदांत असेल तर बघायचं. मेहुण्याला अजून कळलेलं नाही मी भिंतीकडे का बघतो ते.

दोघंही असे बिनचूक खेळले तर पहिला खेळाडू सरासरी १८ डावांत १ दाणा हरतो. त्याचा दोष नाही. आधी बोलावं लागतं, एवढंच. पण दर डावाला जागा बदलली की हा तोटा दोघांत फिटतो आणि हिशेब शून्यावर येतो. एकाचं जातं तेवढंच दुसऱ्याला मिळतं. अशा खेळाला शून्य बेरजेचा खेळ म्हणतात, आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलं की दोघांच्या शून्य बेरजेच्या खेळात प्रत्येकाकडे अशी एक पद्धत असतेच, की समोरचा कितीही हुशार असला तरी तो तुम्हाला एका हद्दीपलीकडे नुकसान करू शकत नाही. जागा आलटून पालटून खेळलात तर ती हद्द शून्य. म्हणजे सरासरीत तुम्हाला कुणीच हरवू शकत नाही.

आता माझ्या लेकीला परत मध्ये बसवा आणि प्रत्येक ढिगाच्या दहा टक्के खाऊ द्या. सगळ्यांत लहान ढीग दोन दाण्यांचा, म्हणजे दर डावाला कमीत कमी ०.२ दाणा गेला. १८ डावांत ३.६. जागेच्या फायद्यातून मिळणारा तो १ दाणा, ज्यासाठी एवढं गणित केलं, त्याच्या साडेतीन पटीहून जास्त पोटात गेले. बेरीज आता शून्य राहिली नाही. फॉन नॉयमनची हमी या खेळाला लागू नाही. दोघंही बिनचूक खेळून दोघंही हरू शकतात, आणि त्या रात्री आमचं तेच झालं (बिनचूक हा शब्द जरा मोठ्या मनाने घ्या).

दोघांत, रेकशिवाय खेळलेला पोकर हा जवळपास एकमेव प्रकार आहे जिथे 'न हरणारी पद्धत' या शब्दांना काही अर्थ आहे. तिघे बसले की ती हमी गेली, रेक आला की गेली. म्हणूनच संगणकवाल्यांनी आपली यंत्रं आधी याच खेळात उतरवली.

२०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या प्रोग्रामने दोघांतलं मर्यादित बोलीचं होल्डेम व्यवहारापुरतं सोडवून दाखवलं. त्याच्या हिशेबात दोघंही उत्तम खेळले तर बटनवाला दर डावाला मोठ्या बोलीच्या साधारण ०.०८८ पट कमावतो. ही झाली शेवटी बोलण्याची किंमत. छोटी वाटते, पण शंभर डावांना पावणेनऊ मोठ्या बोली होतात. यातून एक घरगुती नियम निघतो, जो मी मेहुण्यावर लादला आहे: उठायचं ते सम डावानंतर. "हा शेवटचा" म्हणून जो उठतो तो बहुधा आपलं बटन खेळून उठत असतो.

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या रिव्हर्स कसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटसने चार व्यावसायिक खेळाडूंशी बिनमर्यादेचं होल्डेम एकास एक असं खेळलं. वीस दिवस, १,२०,००० डाव. ब्लाइंड ५० आणि १००, आणि शेवटी यंत्र १७,६६,२५० चिप्सनी पुढे. दर शंभर डावांना सुमारे १४.७ मोठ्या बोली. या खेळात हा दणदणीत विजय समजला जातो.

आता हा आकडा आमच्या सतरंजीवर आणा. समजा शंभरपैकी साठ डाव फ्लॉपपर्यंत गेले आणि ढीग सरासरी १६ दाण्यांचा झाला. ९६० दाण्यांचे पाच टक्के म्हणजे ४८ दाणे, २४ मोठ्या बोली. दोघांत वाटल्या तर प्रत्येकी १२. म्हणजे लिब्राटसला असा रेक भरावा लागला असता तर १४.७ पैकी जेमतेम अडीच-तीन त्याच्या हातात उरले असते. जगातल्या चार उत्तम खेळाडूंना धूळ चारून! नऊ जणांच्या टेबलावर हीच कात्री नऊ जणांत वाटली जाते आणि मध्ये कुणीतरी कच्चा भिडू ती भरून काढतो. दोघांत लपायला जागा नाही. रेकवाल्या टेबलावर बरोबरीच्या माणसासमोर एकटं बसणं म्हणजे जागेचं भाडं भरायला बसणं.

किती पत्ते खेळायचे

नऊ जणांच्या टेबलावर शिकलेला माणूस दोघांत आला की पहिली चूक करतो ती वाट बघण्याची. तिथे त्याला बजावलेलं असतं, चांगले पत्ते येईपर्यंत सोडत राहा. दोघांत दर डावाला तुमची सक्तीची बोली गेलेली असते, त्यामुळे वाट बघणं फुकट नसतं. एक्क्यांची जोडी २२१ डावांतून एकदा येते. तोवर तुमचे दाणे समोरच्याच्या ताटात.

शिवाय समोर एकच माणूस असल्याने पत्त्यांची किंमतच बदलते. राणी आणि सत्ती, दोन वेगवेगळ्या रंगांच्या. मोठ्या टेबलावर बघताक्षणी फेकायचे पत्ते. पण एकाच माणसाच्या कुठल्याही दोन पत्त्यांसमोर हेच शंभरात ५२ च्या आसपास वेळा जिंकतात. सगळ्यांत कुप्रसिद्ध सत्ती-दुर्रीसुद्धा जवळपास ३५ वेळा. एक्का एकटा असला तरी पुष्कळदा पुरतो, कारण जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर जोडी लागण्याची वेळ तीनातून साधारण एकदाच येते. उरलेल्या दोन वेळा तुमच्याकडे काही नसतं, आणि समोरच्याकडेही बरेचदा काही नसतं.

म्हणून बटनवर बसलात आणि रेक नाही, तर दहापैकी आठ हात खेळायचे. हे मी ठोकळमानाने सांगतोय. बोली किती मोठी लावता आणि समोर किती दाणे आहेत यावर ते हलतं. साधी बोली म्हणजे मोठीच्या अडीच पट, आमच्या हिशेबात ५ दाणे. एक आधीच टाकलेला असतो, म्हणजे ४ आणखी घालून मधल्या ३ साठी प्रयत्न. समोरच्याने दर वेळी काय केलं तर हा सौदा एकट्याच्या बळावर फायद्यात जातो? चार भागिले सात, म्हणजे ५७ टक्के वेळा पत्ते टाकले तर. मेहुणा दुसऱ्या तासात दहातून सहा-सात वेळा टाकायला लागला होता. त्यानंतर मी माझे पत्ते उचलून बघायचंच बंद केलं. खरं सांगतो, नुसते कोपरे वर करून नाटक.

आता बाजू पालटा. तुम्ही मोठ्या बोलीत, २ दाणे टाकलेले, समोरचा ५ करतो. तुम्हाला ३ घालायचे आहेत आणि ढीग होणार १०. तीसाला शंभर: तुम्ही शंभरात ३० वेळा जिंकत असाल तर हिशेब फिटतो. सत्ती-दुर्री ३५ वेळा जिंकते म्हटलं मघाशी, मग सगळंच का खेळू नये? दोन कारणं. एक, समोरच्याने सगळ्यांत वाईट दोन दशांश हात आधीच फेकलेत, त्यामुळे तो 'कुठल्याही दोन पत्त्यांवर' खेळत नाहीये. दुसरं, पुढे प्रत्येक टप्प्यावर तुम्हाला आधी बोलायचंय, तेव्हा कागदावरचे ३५ हातात पडेपर्यंत कमी होतात. जिंकणारे पत्तेही तुम्ही मध्येच कुठेतरी घाबरून टाकता. हे सगळं धरूनही रेकशिवाय अडीच पटीसमोर साधारण दहातले सात हात टिकवायचे असतात. नवख्याला हे ऐकून घाम फुटतो.

मध्ये लेक बसली की ढीग दहाचा राहत नाही, साडेनऊचा होतो. तीन भागिले साडेनऊ, ३१.६ टक्के. फरक दीड टक्क्याचा, त्यात काय एवढं? पण या काठावर हात दाटीने बसलेले असतात. अठ्ठी-तिर्री, नव्वी-चौकी असले कितीतरी. पाणी बोटभर चढलं तरी सपाट किनारा बराच बुडतो, तसं.

रेकवाल्या टेबलावर आणखी एक सवय लागते. बहुतेक ठिकाणी नियम असा की फ्लॉप पडायच्या आधी डाव संपला तर रेक घेत नाहीत. मग शहाणा माणूस काय करतो? नुसता कॉल करून फ्लॉप बघण्यापेक्षा तिथेच बोली वाढवून समोरच्याला पळवायला बघतो. वाढव नाहीतर टाक, मधलं काही नाही. ही सवय अंगात मुरलेला माणूस बिनरेकच्या खेळात आला की ओळखू येतो: त्याच्या हातून कॉल होतच नाही. रेक नसताना फ्लॉप बघायला दंड नसतो. नुसता कॉल पुन्हा कामाचा होतो, बटनवरून छोटी बोली पुरी करून स्वस्तात आत शिरणंसुद्धा.

एक डाव जवळून

पहाटे तीनचा डाव. लेकीला आईने एव्हाना उचलून नेलं होतं, म्हणजे खेळ रेकमुक्त झाला होता. बटन मेहुण्याकडे. तो ५ करतो. माझ्याकडे इस्पिकची दश्शी आणि बदामाची सत्ती. मोठ्या टेबलावर कचरा, इथे कॉल. ढीग १०.

फ्लॉप: किलवरचा राजा, चौकटची सत्ती, बदामाची तिर्री. मला मधली जोडी. मी चेक, तो ५ लावतो. ५ घालून २० च्या ढिगासाठी, मला शंभरात २५ वेळा जिंकायला हवं. दोघांत मधली जोडी म्हणजे बऱ्यापैकी हात, इथे विचार करायचं कारणच नाही. कॉल, ढीग २०.

टर्नला इस्पिकची दुर्री. मी चेक, आणि तोही चेक.

रिव्हरला बदामाची नव्वी. मी चेक करतो आणि मेहुणा शांतपणे २० दाणे मोजून पुढे सरकवतो. पुऱ्या ढिगाएवढे.

इथे बसून विचार करण्यासारखं आहे. २० घालून ६० चा ढीग मिळणार, म्हणजे तीनातून एकदा बरोबर ठरलो तरी बरोबरी. मेहुण्याने नीट खेळायचं ठरवलं तर अशी ढिगाएवढी बोली लावताना त्याच्या दर दोन खऱ्या हातांमागे एक हूल हवी. अर्धा ढीग लावला तर तीनामागे एक. कूनच्या खेळातल्या गुलामाचंच हे मोठं रूप. आणि माझ्या बाजूने, ढिगाएवढ्या बोलीसमोर माझ्या इथवर आलेल्या हातांपैकी साधारण निम्मे तरी मी टिकवले पाहिजेत, नाहीतर तो काहीही घेऊन लावत सुटेल. माझी सत्तीची जोडी त्या वरच्या निम्म्यात येते.

आता त्याची गोष्ट तपासू. राजा असता तर त्याने टर्नला लावलं असतं, निदान बरेचदा. मग चेक का केलं? नव्वी आत्ता लागली असेल. किंवा काहीच नसेल आणि उरलेला एकच मार्ग म्हणजे हूल. समजा माझा अंदाज, शंभरात ३४ वेळा हूल. कॉलचा हिशेब: ६० चे ३४ टक्के २०.४, त्यातून घातलेले २० वजा, फायदा ०.४ दाणा. कॉल.

लेक मध्ये बसलेली असती तर? ६० मधले ३ ती खाणार, ५७ चे ३४ टक्के १९.३८. वजा २०, तोटा ०.६२. तेच पत्ते, तोच माणूस, तोच अंदाज, आणि उत्तर उलट. बरोबरीची रेषा ३३.३ वरून ३५.१ वर सरकली आणि माझे ३४ मध्येच अडकले.

रेकचा भार असा कॉल करणाऱ्याच्या खांद्यावर जास्त पडतो, कारण ढीग मोठा झाल्यावरच कात्री मोठी लागते आणि काठावरचे निर्णय तिथेच असतात. म्हणून रेकवाल्या खेळात वाढलेले लोक शेवटच्या बोलीसमोर जरा जास्तच सोडतात. त्यांच्यासमोर बिनरेकच्या खेळात बसलात तर हूल थोडी वाढवा. आणि स्वतः तसे असाल तर काठावरचे कॉल जाणूनबुजून करायला शिका. आधी हात थरथरतो.

उलट दिशेनेही हेच. थोडासाच पुढे असलेला हात घेऊन छोटी बोली लावणं, म्हणजे समोरचा याहून कच्च्या हाताने बघेल या आशेवर, हे रेकमध्ये बरेचदा परवडत नाही. रेक नसताना परवडतं. अर्ध्या दाण्याचे असले फायदे शंभर डावांत गोळा होतात. दोघांतल्या खेळातली कमाई बहुतेक अशीच असते. मोठे नाट्यमय डाव लक्षात राहतात, एवढंच.

माणूस ओळखणं

चेहरा वाचणं, डोळ्यांत बघणं वगैरे गोष्टी मला फारशा पटत नाहीत. पहाटे तीनला सगळेच चेहरे सारखे दिसतात. सवयी मोजता येतात, आणि समोर एकच माणूस असल्याने भराभर मोजता येतात. बोली वाढवली की किती वेळा टाकतो? फ्लॉपला लावून टर्नला किती वेळा थांबतो? शेवटच्या पत्त्यावर मोठी बोली लावली आणि उघडे केले तेव्हा काय निघालं? मी वहीच्या मागच्या पानावर तीन रेघा मारतो, बस.

पण सावधान. न हरणारी पद्धत सोडून समोरच्याची सवय पकडायला गेलात की तुम्हीही उघडे पडता. मेहुणा खूप टाकतो म्हणून मी न बघता बोली वाढवू लागलो. हे त्याला कळलं तर तो कुठल्याही बऱ्या हाताने परत वाढवेल आणि मी कचरा घेऊन अडकेन. म्हणून थोडंच वळायचं, आणि तो वळला की परत मधोमध यायचं.

बिनरेकचा एक फायदा लोक विसरतात: बरोबरीच्या माणसाबरोबर खेळणं आता तोट्याचं नाही. रेक असताना तुम्हाला नेहमी कच्चा भिडू शोधावा लागतो. तो नसेल तर उठायचं. रेक नसताना आपल्याएवढ्याच तयारीच्या मित्रासमोर महिनोन् महिने बसता येतं, हिशेब शून्याभोवती फिरत राहतो आणि खेळ सुधारतो. उलट कच्च्या माणसाचं जे जातं ते आता सगळंच्या सगळं तुमच्याकडे येतं, हे नातेवाइकांत लक्षात ठेवलेलं बरं.

आणि नशीब? ते कुठेही जात नाही. २०१५ मध्ये लिब्राटसच्या आधीचा क्लॉडिको हा प्रोग्राम चार माणसांशी ८०,००० डाव खेळला आणि ७,३२,७१३ चिप्सनी मागे राहिला. शंभर डावांना नऊच्या वर मोठ्या बोली. तरी त्याच्या निर्मात्यांनी आकडेशास्त्राच्या कसोटीवर याला बरोबरी म्हटलं, आणि त्यावरून वादही झाला. तिथे नशिबाचा वाटा कमी करायला एक युक्तीही वापरली होती: एका खोलीत माणसाला जे पत्ते, तेच दुसऱ्या खोलीत यंत्राला. एवढं करून ८०,००० डाव कमी पडत असतील, तर गणपतीतल्या एका रात्रीत कोण भारी ठरलं याबद्दल मेहुणा आठवडाभर जे सांगत फिरलाय ते किती धरायचं, तुम्हीच ठरवा.

कायद्याचंही इथेच सांगून टाकतो, कारण त्याचा रेकशी थेट संबंध आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, देशभर बंद केले. त्यात पोकर आलाच. आणि महाराष्ट्राला लागू असलेल्या १८८७ च्या जुगारबंदी कायद्यात जुगाराच्या अड्ड्याची जी व्याख्या आहे, तिचा एक कणा असा: जागेचा मालक त्या खेळातून, जागेच्या किंवा साधनांच्या भाड्यातून किंवा आणखी कशातून, स्वतः नफा काढतो का. म्हणजे तिसऱ्या वाटेकऱ्याला इंग्रजांनीही बरोबर ओळखलं होतं. आमचे दाणेच होते, पण तुम्ही पैसे लावायचा विचार करत असाल तर आधी वकिलाला विचारा, मला नको.

तर तो डाव. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, २० दाणे पुढे सरकवले. मेहुण्याने एक्का आणि पंजी उघडी केली. जोडी नाही, काही नाही, निव्वळ हूल.

"राजा नाही हे कसं कळलं, भाऊजी?"

साठ दाणे ओढायला हात घातला तर सत्तावन्नच भरले. वर बघितलं. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या आणि चावत होत्या.